मिशिगनच्या चाहत्याला यंदाचा ओहायो स्टेटचा संघ कसा दिसतो?

तुम्ही लिहिलंय की याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, एमएससाठी कोलंबसला आलात. लॅबमध्ये, बसमध्ये, बिल्डिंगच्या जिन्यात जो भेटेल तो ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलबद्दलच बोलतो, आणि प्रत्येकाच्या मते यंदाचं विजेतेपदही खिशातच आहे. म्हणून तुम्हाला समोरच्या गोटातल्या माणसाचं मत हवंय. बरोबर माणूस गाठलात.

मी २०१२ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकायला आलो आणि मग डेट्रॉइटच्या आसपास नोकरी धरून इथलाच झालो. आल्यापासून २०१९ पर्यंत दर नोव्हेंबरात आम्ही ओहायो स्टेटकडून हरलो. सलग आठ वेळा. २०१६ मध्ये तर दोन ओव्हरटाइमनंतर हरलो, तेही चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चारपैकी शेवटच्या संधीला) त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमण चालवणारा गडी) हव्या त्या रेषेपर्यंत पोचला की नाही या वादात. माझ्या मते नाही पोचला, आणि हे मी मृत्युपत्रातसुद्धा लिहून ठेवणार आहे. २०२० चा सामना कोविडमुळे रद्द झाला. त्यानंतरचे चारही आम्ही जिंकले. शिवाय धाकटी बहीण दिलीये कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये. जावईबापू मेरिसव्हिलला होंडात इंजिनिअर आणि पक्के बकाय, म्हणजे ओहायो स्टेटवाले. भाचा तर जन्मतःच लाल-करड्यात गुंडाळलेला. तेव्हा माझा पक्षपात धरूनच चाला. पण आमचा राखीव टॅकल (पुढच्या फळीतला कडेचा गडी) कोण हे मला आठवून सांगावं लागतं, त्यांचा मात्र तोंडपाठ आहे, इतकं लक्ष मी त्या संघावर ठेवून असतो.

आधी उत्तर, मग कारणं. संघ फार चांगला आहे, पण गेल्या वर्षीइतका नाही. ऑगस्टमध्ये, टेक्ससशी पहिला सामना असताना, तो कच्चा असेल आणि नोव्हेंबरात आमच्याशी शेवटचा होईपर्यंत मुरेल. मला टोचतं ते नेमकं हेच, कारण कच्ची कैरी टेक्ससच्या पानात पडणार आहे आणि मुरलेलं लोणचं आमच्या.

तुम्ही नवीन आहात म्हणून गेल्या वर्षीचं थोडक्यात सांगतो, त्याशिवाय कोलंबसमधल्या लोकांचा मूड कळणार नाही. ३० नोव्हेंबर २०२४ ला आम्ही तुमच्या मैदानावर गेलो तेव्हा सट्टेबाजांच्या हिशेबाने आम्ही सुमारे २० गुणांनी हरणार होतो. १३–१० ने जिंकलो. आमच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या सामन्यात पास टाकून ६२ यार्ड मिळवले आणि दोन वेळा चेंडू शत्रूच्या हातात दिला, तरीही जिंकलो. सामन्यानंतर मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली, पोलिसांनी मिरीचा फवारा मारला. मुख्य कोच रायन डे यांना काढून टाका म्हणून कोलंबसमध्ये बोंब उठली. आणि मग ५१ दिवसांनी, २० जानेवारीला, अटलांटात नोत्र दामला ३४–२३ ने हरवून हाच संघ राष्ट्रीय विजेता झाला! वाटेत टेनेसी, ओरेगॉन आणि टेक्सस. रोझ बोलमध्ये ओरेगॉनवर तर मध्यंतराआधीच ३४–० अशी आघाडी. बारा संघांच्या प्लेऑफचं, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचं, ते पहिलंच वर्ष. जुन्या पद्धतीत चारच संघ घेत, तेव्हा मिशिगनकडून हरलेला आणि दोन पराभव खात्यावर असलेला संघ बहुधा घरीच बसला असता. त्यामुळे कोलंबसमध्ये आज एकाच वेळी विजेतेपदाचा माज आहे आणि पोटात चार वर्षांचं दुखणंही आहे. कुणाला नुसतं 'आणि मिशिगन?' असं विचारून बघा. जपून.

आता यंदाचं, म्हणजे २०२५ चं.

एप्रिलच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे) त्या संघातले १४ खेळाडू गेले. आक्रमण आणि बचाव मिळून मैदानात उतरणारे २२, त्यावरून अंदाज करा. क्वार्टरबॅक विल हॉवर्ड गेला. हजाराच्या वर यार्ड धावलेले हेंडरसन आणि जडकिन्स दोघेही गेले. पास झेलणारा एगबुका पहिल्याच फेरीत गेला. बचावाच्या पुढच्या फळीतले चारही जण गेले: सॉयर, टुइमोलोआऊ, विल्यम्स, हॅमिल्टन. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये हे दर तीन-चार वर्षांनी होतंच. हे लोक एक वर्ष जास्त थांबून, एकत्र जिंकायचं ठरवून खेळले होते, म्हणून सगळे एकदम उठले. पंगत उठल्यासारखे.

पंगत पुन्हा बसवायला पैसा आहे, हे वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षीचा संघ उभा करायला सुमारे २ कोटी डॉलर लागले असं त्यांच्याच क्रीडा संचालकांनी जाहीरपणे सांगितलं होतं. तेव्हा तो पैसा देणगीदार आणि जाहिरातींच्या मार्गाने येत असे. न्यायालयातल्या तडजोडीनंतर १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आम्हीही काही साधुसंत नाही. त्यावर पुढे येतो.

सगळ्यात मोठा प्रश्न क्वार्टरबॅकचा होता आणि तो गेल्या आठवड्यात सुटला: ज्युलियन सेयिन. दुसऱ्या वर्षाचा पोरगा, कॅलिफोर्नियाचा. खरं तर तो अलाबामाला दाखल झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये तिथले मुख्य कोच निक सेबन निवृत्त झाले आणि हा काही दिवसांतच कोलंबसला आला. गेलं वर्ष बाकावर. सबंध मोसमात त्याने टाकलेले पास किती, तर १२, तेही निकाल लागून गेलेल्या सामन्यांच्या शेपटीला. त्याचा हात सुंदर आहे. चेंडू सुटतो पटकन आणि जातो नेमका, हे सरावातल्या तुकड्यांवरूनही दिसतं. स्पर्धेत दुसरा होता लिंकन कीनहोल्झ, पायांनी जास्त चपळ. डिसेंबर २०२३ च्या कॉटन बोलमध्ये पहिला क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर ऐनवेळी उतरला होता, आणि मिझुरीने त्या दिवशी ओहायो स्टेटला १४–३ ने गप्प केलं होतं. मोसम तोंडावर येईपर्यंत निवड लांबली, याचा अर्थ दोघे सारखे चांगले असाही होतो किंवा दोघांपैकी कुणीच झेप घेतली नाही असाही होतो. जावईबापू पहिला अर्थ लावतात. मी कुठला लावत असेन ते ओळखा.

पण सेयिनला पास द्यायचा कुणाला, तर जेरेमाया स्मिथला. ४ नंबर. हे नाव तुम्ही आत्तापर्यंत शंभरदा ऐकलं असेल. गेल्या वर्षी पहिल्याच वर्षाला त्याने ७६ पास झेलून १,३१५ यार्ड आणि १५ टचडाउन केले. अंतिम सामन्यात, नोत्र दाम मागून येत असताना, तिसऱ्या डाउनला ११ यार्ड हवे असताना त्याने ५६ यार्डांचा पास घेतला आणि सामना तिथेच संपला. मी हे घरी, तोंडावर उशी धरून पाहिलं. एनएफएलच्या नियमामुळे त्याला अजून जाता येत नाही, शाळा सोडून तीन वर्षं व्हावी लागतात, म्हणजे पुढच्या वर्षीही तो आहेच. दुसऱ्या बाजूला कार्नेल टेट, जो इतर कुठल्याही संघात पहिल्या नंबरचा असता. पर्ड्यूहून मॅक्स क्लेअर नावाचा चांगला टाइट एंड (झेलणारा आणि अडवणाराही) आणलाय. झेलणाऱ्यांचे गुरू ब्रायन हार्टलाइन. त्यांच्या हाताखालचे पाच जण २०२२ ते २०२५ या चार ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत गेले. गेल्या वर्षी आक्रमण सांभाळणारे चिप केली एनएफएलला गेल्यामुळे यंदा आख्खं आक्रमण त्यांच्याकडे दिलंय. झेलायला शिकवणं एक आणि सबंध आक्रमणाचा गाडा हाकणं वेगळं, एवढी एक फट मला इथे दिसते. बारीकशीच.

खरी फट पुढच्या फळीत आहे. क्वार्टरबॅकसमोर उभ्या राहणाऱ्या त्या पाच धिप्पाड गड्यांकडे नवीन प्रेक्षकाचं लक्ष जात नाही, चेंडूच्या मागे डोळे धावतात. तुम्ही सुरुवातीपासून त्यांच्याकडे बघायची सवय लावा, अर्धा खेळ तिथे कळतो. गेल्या वर्षी आमच्याकडून ते का हरले? ऑक्टोबरात ओरेगॉनच्या सामन्यात डावा टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा गेला. मग गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा गडी) डोनोव्हन जॅक्सनला तिकडे सरकवला. आमच्या सामन्याआधी सेंटर, म्हणजे फळीतला मधला गडीही जायबंदी झाला. अशा ठिगळं लावलेल्या फळीसमोर आमचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघेही पुढे पहिल्या फेरीत गेलेले. आणि तुमच्या कोचांनी काय करावं? बाहेर स्मिथ आणि एगबुका मोकळे असताना त्याच दोन भिंतींवर मधोमध डोकं आपटत राहिले. दिवसभरात जमिनीवरून ७७ यार्ड. प्लेऑफमध्ये त्यांना शहाणपण सुचलं, चेंडू हवेतून गेला, आणि काय झालं ते वर सांगितलंच. यंदा सिमन्स आणि जॅक्सन दोघेही एनएफएलमध्ये. मिनेसोटा आणि राइसहून टॅकल आणलेत, मधले तिघे ओळखीचे आहेत. शिकवणारा कोचही नवीन. नवा क्वार्टरबॅक, नवे टॅकल आणि पहिलाच सामना टेक्ससशी, हे काही सुखाचं गणित नाही. मागे धावणाऱ्यांमध्ये जेम्स पीपल्स आणि वेस्ट व्हर्जिनियाहून आलेला सीजे डोनल्डसन. बरे आहेत. हेंडरसन नाहीत.

बचावाबद्दल लिहिताना मला हसू आवरत नाही आणि तेच मला महागात पडणार अशी भीतीही आहे. गेल्या वर्षी त्यांनी सामन्याला सरासरी १२.९ गुण दिले, देशात सर्वांत कमी. तो बचाव बांधणारे जिम नोल्स विजेतेपदानंतर उठून पेन स्टेटला गेले, म्हणजे शत्रूकडेच. त्यांच्या जागी आले मॅट पॅट्रिशिया. तुम्हाला हे नाव नवीन असेल. डेट्रॉइटात कुणालाही विचारा. २०१८ ते २०२० मध्ये ते आमच्या लायन्सचे, म्हणजे डेट्रॉइटच्या एनएफएल संघाचे, मुख्य कोच होते: १३ विजय, २९ पराभव, १ बरोबरी, आणि तिसरा मोसम पुरा व्हायच्या आत घरी पाठवले गेले. कानावर पेन्सिल खोचून रागावलेल्या चेहऱ्याने उभे असलेले ते गृहस्थ आठवले की ऑफिसातले सहकारी अजून सुस्कारा टाकतात. त्यांची नेमणूक जाहीर झाली त्या दिवशी मी जावईबापूंना पेढ्यांचा फोटो पाठवला होता.

पण नीट विचार केला तर हसण्यासारखं फार नाही. मुख्य कोच म्हणून माणसं सांभाळणं त्यांना जमलं नाही, बचाव आखणं हा त्यांचा मूळ धंदा. न्यू इंग्लंडमध्ये त्यांनी तीन सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकणाऱ्या संघांत काम केलंय. मूळचे एरोनॉटिकल इंजिनिअर, त्यामुळे आपल्यातल्या अर्ध्या लोकांना ते आपलेच वाटावेत. आणि त्यांच्या हातात काय आहे, तर केलेब डाउन्स. सेयिनसारखाच हाही सेबन निवृत्त झाल्यावर अलाबामाहून आला. माझ्या मते आजच्या घडीला देशातला सर्वोत्तम बचावपटू. स्मिथच्या झेलांचे व्हिडिओ निघतात, डाउन्सचे निघत नाहीत, कारण तो आधीच योग्य जागी उभा असतो आणि पुढचं काही घडतच नाही. त्याच्यापुढे सनी स्टाइल्स, कोपऱ्यात इग्बिनोसन. पुढच्या फळीत केडन करी आणि केन्याटा जॅक्सन. दोघं बरीच वर्षं सॉयर आणि टुइमोलोआऊच्या मागे उभे राहून वाट बघत होते. अशी भुकेली पोरं मला नव्या कोचपेक्षा जास्त घाबरवतात.

वेळापत्रक पाहा. ३० ऑगस्टला दुपारी १२ वाजता टेक्सस तुमच्या मैदानावर. मोसमपूर्व क्रमवारीत टेक्सस पहिला, ओहायो स्टेट तिसरा, मध्ये पेन स्टेट. (आम्ही चौदावे. विचारलं नव्हतंत, तरी.) टेक्ससचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग, नामवंत क्वार्टरबॅक पेटन आणि इलाय मॅनिंगचा पुतण्या, म्हणजे घराण्याचा गवई. त्याच्यावरही अपेक्षांचं ओझं भरपूर आणि अनुभव थोडा. जानेवारीत कॉटन बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात, टेक्ससने स्मिथला अख्ख्या सामन्यात एकच पास, तीन यार्डांचा, झेलू दिला होता. २८–१४ ने ओहायो स्टेट जिंकली ती सॉयरने शेवटाला ८३ यार्ड पळून केलेल्या टचडाउनमुळे. तो सॉयर आता पिट्सबर्गला आहे. माझा अंदाज टेक्सस, थोडक्यात, आणि कमी गुणांचा सामना. तुम्हाला तिकीट मिळत असेल तर सोडू नका. १,०२,७८० लोकांचं मैदान आहे, पण त्या दिवशी जागा नसेल.

त्यानंतर मात्र उतार आहे. सप्टेंबरात दोन हलके सामने. मग वॉशिंग्टन आणि इलिनॉयला जावं लागतं, त्यातल्या एकात पाय घसरू शकतो. ओरेगॉनशी यंदा नियमित मोसमात गाठच नाही. १ नोव्हेंबरला पेन स्टेट कोलंबसला येते, नोल्स साहेबांसह. तुमच्या घरातल्या सगळ्या किल्ल्या कुठे टांगलेल्या आहेत हे ज्याला माहीत आहे असा माणूस समोरच्या बाजूला उभा असेल. तो सामना मला सगळ्यात चुरशीचा वाटतो. मग पर्ड्यू, यूसीएलए, रटगर्स: तीन आठवडे खेळाडूंना विश्रांती आणि सेयिनला आत्मविश्वास देणारे. आणि २९ नोव्हेंबरला अ‍ॅन आर्बर.

म्हणजे आमच्यापर्यंत येताना त्या पोराच्या खात्यावर ११ सामने असतील. टॅकल एकमेकांना ओळखू लागलेले असतील. पॅट्रिशियांना कॉलेजच्या पोरांची भाषा कळू लागलेली असेल. आणि मुख्य म्हणजे स्मिथ मोकळा असताना मधोमध डोकं आपटायचं नाही, हे निदान एकदा तरी रायन डे यांना कुणीतरी सांगितलेलं असेल. मुख्य कोच म्हणून २०२४ च्या मोसमाअखेर त्यांचा हिशेब ७० विजय आणि १० पराभव, हा कुठल्याही गावात पुतळा उभारण्यासारखा आकडा. त्या दहातले चार आमचे.

आमच्याकडे काय? ग्रॅहम आणि ग्रँट गेले. गेल्या वर्षीचा सामना ज्यांनी जिंकून दिला ते दोघेही नाहीत. आला आहे तो ब्राइस अंडरवुड, इथून जवळच्याच बेलव्हिलचा, देशातला पहिल्या क्रमांकाचा शाळकरी खेळाडू. आधी त्याने एलएसयूला (लुईझियाना स्टेट विद्यापीठाला) शब्द दिला होता, मग आमच्या लोकांनी मन वळवलं. मन कशाने वळतं ते वर लिहिलंय. वय १८. सगळी चिन्हं तोच सुरुवात करणार अशी आहेत. नोव्हेंबरपर्यंत तोही मुरेल अशी आशा मी धरून आहे, पण आशा आणि अंदाज मी वेगळ्या डब्यांत ठेवतो. अंदाज असा: ओहायो स्टेट १० किंवा ११ सामने जिंकते, प्लेऑफमध्ये जाते, विजेतेपद राखत नाही. आणि २९ नोव्हेंबरला कागदावर ते आमच्यापेक्षा सरस असतात. गेल्या वर्षीही होतेच म्हणा.

एक गमतीची गोष्ट, तुम्हाला दिसेलच. त्या सामन्याच्या आठवड्यात तुमच्या कॅम्पसवरच्या पाट्यांवरचं प्रत्येक एम अक्षर लाल चिकटपट्टीने खोडलेलं असतं. इमारतींच्या नावांतलं, फलकांवरचं, सगळं. घाबरू नका. भांडण जुनं आहे. १८३५ मध्ये टोलेडो कुणाचं यावरून दोन्हीकडचे लोक बंदुका घेऊन उभे राहिले होते. बेळगाव आठवलं ना? टोलेडो ओहायोला गेलं. आम्हाला त्याच्या बदल्यात वरचा द्वीपकल्प मिळाला. सुरुवातीला निरुपयोगी रान म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली, मग तिथे तांबं आणि लोखंड निघालं. फुटबॉलचा पहिला सामना १८९७ चा, ३४–० असा आमचा. २०२४ अखेर एकूण हिशेबात ६२ आमचे, ५१ त्यांचे, सहा बरोबरीत. हे आकडे कोलंबसात मोठ्याने बोलू नका एवढीच विनंती.

थँक्सगिव्हिंगला यंदा बहिणीचं कुटुंब आमच्याकडे येतंय, शनिवारच्या सामन्यापर्यंत थांबणार. भाच्याचा वाढदिवसही त्याच आठवड्यात. परवा फोनवर मामाकडे मागणी झाली: स्मिथची ४ नंबरची जर्सी. मी विषय बदलून पाहिला. बहिणीने मागून आवाज दिला, एक साइज मोठीच घे, नोव्हेंबरपर्यंत वाढेल.